तीन बोटं, तिसरा हिस्सा

ताईंना नमस्कार,

मी विडी घरकुलात राहते. पत्र लेकीकडून लिहून घेतेय, कारण डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात कांड्या भरताना यंत्राच्या पट्ट्यात हात ओढला गेला. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट मुळापासून गेलं. तेव्हा मला चाळीस पूर्ण होती. पगार आठवड्याला मिळायचा, महिन्याचे दहा हजार पडायचे. आम्ही सात-आठ जणच होतो, ईएसआय (सरकारी कामगार विमा) नव्हतं. मालकाने पहिल्या दिवसाचे दवाखान्याचे पैसे भरले आणि पुढे ‘ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती’ असं म्हणाला. ओळखीतून एक वकील मिळाले. फीचं विचारलं तर ‘बघू नंतर’ म्हणाले. केस कामगार न्यायालयात आहे, साक्षी झाल्यात. आता वकीलसाहेब म्हणतात, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा, तसं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. एक कोरा चेक मी सही करून दिलाय, दुसरा मागताहेत. मालकही मधल्या माणसाच्या तोंडून ‘दीड लाख रोख घ्या आणि मिटवा’ म्हणतोय. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर 22 टक्के लिहिलंय. नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे अपंगांच्या केसमध्ये वकील पंचवीस टक्के घेतात, कायद्यानेच घेतात, तर मामी देऊन टाक. काय करू? वकीलसाहेबांना राग आला तर केस सोडतील अशी भीती वाटते. नाव छापू नका.

– एक भगिनी, सोलापूर

नमस्कार ताई,

आधी एवढं करा: स्टॅम्प पेपरवर सही करू नका आणि दुसरा चेक देऊ नका. कोणी कितीही घाई केली तरी पत्राचं हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नको. लेकीला सांगा, मोठ्याने वाचून दाखव.

मी बावीस वर्षं एका कामगार संघटनेच्या कचेरीत टेबलावर बसून असेच अर्ज लिहिले. यंत्रमागावर बोटं गेलेली, दालमिलच्या पट्ट्यात हात गेलेला, बांधकामावरून पडून कंबर मोडलेली माणसं यायची. त्यातला एक माणूस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच्या भरपाईचे पैसे मिळाले त्या दिवशी तो कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रुमालात गुंडाळलेल्या नोटा मोजत होता. एका हाताने मोजायचं म्हणजे गड्डी गुडघ्याखाली दाबून एकेक नोट ओढायची. मी विचारलं, किती? त्याने सांगितलेला आकडा हुकुमात लिहिलेल्या रकमेच्या निम्माही नव्हता. बाकीचे कुठे गेले म्हटलं तर म्हणाला, ‘ठरलंच होतं की ओ बाई तसं.’ तेव्हा मलाही वाटायचं की ठरलं असेल तर देणं भाग आहे. ते चूक होतं. त्या वेळी कायदा नीट वाचला असता तर त्याला पायऱ्या चढायच्या आधीच थांबवलं असतं. म्हणून तुमच्या पत्राला जरा लांब उत्तर देतेय.

आपल्याकडे वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही. ‘जिंकलो तर इतके टक्के’, ‘मिळेल त्यात माझा वाटा’ हे दोन्ही प्रकार बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांनी मना केले आहेत. नियम स्पष्ट आहे: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत भागीदारी करायची नाही. तोडला तर तो व्यावसायिक गैरवर्तणुकीचा विषय होतो आणि 1961 च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तुम्हाला ‘हीच पद्धत आहे’ असं सांगितलं गेलं असेल. पद्धत आहे हे खरं, मीही ती रोज पाहिली. पण ती नियमाविरुद्धची पद्धत आहे.

याच विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा एक निकाल आहे आणि ते प्रकरण तुमच्यासारखंच आहे. तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा 1998 मध्ये अपघातात गेला. भरपाईचा खटला चालला, वकिलांना दहा लाख रुपये फी देऊन झाली आणि तरी आणखी तीन लाखांच्या चेकवर सही घेतली गेली. चेक वटला नाही म्हणून वकिलांनी त्या बाईंवरच फौजदारी खटला भरला. न्यायालयाने तो रद्द केला. भरपाईच्या रकमेच्या टक्केवारीवर फी घेणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, अशा कराराच्या जोरावर वसुली करता येणार नाही, असं म्हटलं. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल यांच्यासोबत न्यायमूर्ती उदय लळीत होते, ज्यांचे आजोबा आपल्या सोलापुरात वकिली करत. वकिलीच्या धंद्याची इज्जत राखणारी माणसं या गावाने पाहिलेली आहेत. म्हणून वकील म्हटला की सगळे सारखेच, असं मनात धरू नका.

तुमच्या बाबतीत दुसरी एक भिंत आणखी भक्कम आहे. तुमचा दावा 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली आहे. (21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळे हिशेब जुन्या कायद्यानेच होतो.) त्या कायद्याचं कलम 9 सांगतं की ही भरपाई दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, ती जप्त होत नाही आणि तिच्यातून कोणाचं येणं वळतं करून घेता येत नाही. म्हणजे उद्या तुम्ही स्टॅम्प पेपरवर ‘तिसरा हिस्सा वकिलांचा’ असं लिहून दिलं तरी त्या कागदाच्या जोरावर तुमच्या भरपाईला कोणी हात लावू शकत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की जखमी माणसाच्या हातात रक्कम आली की भोवती किती हात पसरतात.

आता भाच्याचं. तो खोटं सांगत नाही, तिकडचं इकडे लावतोय एवढंच. अमेरिकेत सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतून अपंगत्वाचं मासिक वेतन मिळतं. ते नाकारलं तर वकील लावतात, आणि तिथे टक्केवारी चालते. पण ती कशी चालते ते भाच्याने सांगितलेलं दिसत नाही. थकलेल्या वेतनाच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सामान्य फी-कराराला त्यावर आणखी एक कमाल मर्यादा आहे, नोव्हेंबर 2024 च्या अखेरीपासून 9,200 डॉलर. फीला सरकारी खात्याची मंजुरी लागते आणि बहुतेक वेळा खातंच ती रक्कम कापून वकिलाला देतं. प्रकरण कोर्टात गेलं तर पंचवीस टक्के हा हक्क नसतो, ती वरची हद्द असते. मागितलेली फी कामाच्या मानाने वाजवी आहे का हे न्यायाधीश पाहतात. शिवाय सरकारने विनाकारण अडवलं असं ठरलं तर वकिलाची फी सरकारकडून वेगळी मिळते. आणि एकाच कामाची फी दोन्हीकडून मिळाली तर त्यातली लहान रक्कम वकिलाने पक्षकाराला परत करायची असते. एवढे पहारे बसवून मग तिथे टक्केवारीला वाट दिली आहे. आपल्याकडे टक्केवारीच बंद ठेवली आहे. भाच्याला हे वाचून दाखवा. पोरगा मामीच्या काळजीने बोलला असेल.

मग वकीलसाहेबांना काहीच द्यायचं नाही का? द्यायचं. आणि मनापासून द्यायचं. तुमच्याकडे हजेरीचं कार्ड नाही, पगाराची पावती नाही, मालक ‘कामालाच नव्हती’ म्हणतोय. अशी केस उभी करणं सोपं नसतं. बरोबरच्या बायकांना साक्षीला आणायचं, मालकाची उलटतपासणी घ्यायची, पहिल्या दिवशी दवाखान्याचं बिल कोणी भरलं हे कागदावर आणायचं. तुमच्या वकिलांनी हे केलं असेल तर त्यांनी घाम गाळलाय. हातात पैसा नसलेल्या कामगाराची केस घेऊन दोन-अडीच वर्षं तारखा करणारे वकील मी पाहिलेत, आणि त्यांना शेवटी रिकाम्या हाताने पाठवणारे पक्षकारही पाहिलेत. दुसराही अन्यायच.

म्हणून फी कामावर ठरवा. कोर्टात रोजनामा असतो, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद. त्याची नक्कल मागा. त्यात किती तारखा प्रत्यक्ष काम झालं, किती नुसत्या पुढे गेल्या, किती साक्षी झाल्या हे सगळं दिसतं. ती नक्कल समोर ठेवून वकीलसाहेबांना म्हणा, ‘साहेब, हिस्सा नको, एक आकडा सांगा. निकाल काहीही लागो, तेवढे मी देईन. थोडे आत्ता, थोडे युक्तिवाद झाल्यावर, राहिलेले हप्त्याने.’ जो आकडा ठरेल तो साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहा आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. ‘पावती कशाला, आपली ओळख आहे’ असं म्हटलं तर हसून म्हणा, लेक हिशेब लिहिते, तिला लागते. आतापर्यंत टायपिंग, नोटीस, झेरॉक्स म्हणून जे दिलं असेल तेही आठवून लेकीच्या वहीत तारखेनिशी उतरवा. आकड्यावर जमलं नाही तर कितीला थांबायचं ते मी इथून सांगणार नाही. तुमचा रोजनामा मी पाहिलेला नाही.

ही बोलणी करायला जाण्याआधी तुमच्या हक्काचे किती होतात ते तुम्हाला ठाऊक हवं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रक्कमच माहीत नसते म्हणून तिसरा हिस्सा म्हणजे किती हे कळत नाही आणि दीड लाख मोठे वाटतात. लेकीला पेन घ्यायला सांगा.

महिन्याचा पगार 10,000. (हिशेबाला पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, तुमचा त्याच्या आत आहे.) त्याचे 60 टक्के म्हणजे 6,000. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात वयाप्रमाणे एक गुणक दिलेला असतो, चाळीस पूर्ण असलेल्यांसाठी तो 184.17. गुणाकार केला की 11,05,020 रुपये. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. आता पहिलं परिशिष्ट. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट धरायची असं तिथे छापलेलं आहे. 11,05,020 चे 30 टक्के म्हणजे 3,31,506 रुपये.

इथे सिव्हिलच्या 22 टक्क्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. मालकाचा वकीलही नेमकं तेच धरून बसणार. तो दाखला सवलतींसाठी असतो, एसटीचं भाडं, पेन्शन, ओळखपत्र अशा गोष्टींसाठी. शरीराचं अपंगत्व किती, हे त्यात डॉक्टर मोजतात. भरपाईत मोजायची असते ती कमाईची घट. जी जखम परिशिष्टात नावानिशी लिहिलेली आहे तिच्यासाठी परिशिष्टातलाच टक्का लागतो. तुमची तिन्ही बोटं मुळापासून गेलीत, म्हणून 30. (ज्यांचं बोट पेरापर्यंतच तुटलंय त्यांचे आकडे वेगळे आहेत, त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये.) 22 धरले तर रक्कम 2,43,104 वर येते. अठ्ठ्याऐंशी हजारांचा फरक एका चुकीच्या कागदावरून पडू शकतो. युक्तिवादाच्या दिवशी वकीलसाहेबांनी ही एकच गोष्ट ठासून मांडली तरी त्यांच्या फीचं चीज होईल.

यावर व्याज. भरपाई द्यायची झाल्यापासून महिन्याच्या आत मालकाने दिली नाही तर 12 टक्के साधं व्याज लागतं. अडीच वर्षांचं धरलं तर 99,452 रुपये. मुद्दल आणि व्याज मिळून 4,30,958. शिवाय उशिराला सबळ कारण नसेल तर मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत दंड मालकावर बसू शकतो, आणि तो दंडही तुम्हालाच मिळतो. दावा लिहिताना दंड मागितलाय का ते बघा. दवाखान्याचा जो खर्च तुम्ही स्वतः केला तोही भरपाईतून न कापता वेगळा मिळण्याची तरतूद आहे. बिलं जपून ठेवली असतील तर त्यांची यादी वकिलांकडे द्या.

आता 4,30,958 चा तिसरा हिस्सा काढा. 1,43,653 रुपये. तीन बोटं गेली त्यातल्या एका बोटाची भरपाई पूर्णच्या पूर्ण दुसऱ्याकडे जाणार. हे मी वकिलांवर राग धरून लिहीत नाही. आकडा समोर असला की ‘तिसरा हिस्सा’ हा शब्द किती जड आहे ते कळतं.

आणि मालकाचे दीड लाख. ते घेऊ नका, आणि मधल्या माणसाला घरात बसवून चहासुद्धा पाजू नका. तुम्ही बाई आहात आणि कायदा बायकांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगतो: त्यांना द्यायची एकरकमी भरपाई भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने हातात रोख दिली तर ती भरपाई दिली असं धरलंच जात नाही. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे आयुक्त म्हणून काम पाहतात. ‘माझं काही येणं राहिलं नाही’ असं लिहून घेऊन हक्क कमी करणारा करारही कलम 17 प्रमाणे रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर ती न्यायाधीशांसमोर, पुरसिस (कोर्टाला द्यायचं सहीचं लेखी निवेदन) दाखल करून, वरच्या हिशेबाच्या जवळच्या रकमेवर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मालक आणि आपला वकील एकाच आठवड्यात घाई करू लागले तर थोडं थांबून दोघांना वेगवेगळं विचारावं. तुमच्या वकिलांवर मी काही आरोप करत नाही. पण तारखेच्या आधी काहीही सही करायची नाही, हा नियम त्या दिवसांत पाळावा.

जो एक कोरा चेक देऊन बसलात त्याचं काय करायचं? वकीलसाहेबांना रजिस्टर पोस्टाने एक साधं पत्र पाठवा. चेकचा नंबर लिहा, तो तारीख-रक्कम न लिहिता विश्वासाने दिला होता, फी अजून ठरलेली नाही, कृपया परत करावा, एवढंच. शब्द नरम ठेवा. पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपा. पुढे तो चेक भरला गेला आणि परत आला तर तुम्हाला नोटीस येईल. ती आली की कपाटात टाकायची नाही. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस मोजायचे आणि त्याच्या आत उत्तर द्यायचं. 2017 चा तो निकाल आणि तुमचं हे पत्र तेव्हा कामाला येईल. नोटिशीला उत्तर न दिल्यामुळे अडकलेल्या बायका मी जास्त पाहिल्यात, चेकमुळे अडकलेल्या कमी.

वकालतनामाही, म्हणजे वकील नेमताना सही केलेला कागद, एकदा वाचून घ्या. छापील कागद असतो, आपण शेवटी सही करतो आणि मोकळे होतो. त्यात बारीक अक्षरात ‘पक्षकाराच्या वतीने रक्कम स्वीकारणे’ असं असतं. तुमच्या वकालतनाम्यात ते असेल तर न्यायालयाला एक अर्ज द्या की भरपाई थेट माझ्या बँक खात्यात जमा व्हावी. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लावा. खातं एकट्या तुमच्या नावावर असू द्या. बाईची भरपाई तिच्या हितासाठी काही काळ ठेवीत गुंतवण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. लेकीच्या शिक्षणाचं मनात असेल तर तसं सांगा, ते ऐकतात.

खर्चाचं एक राहिलं. निकालात मालकाने दाव्याचा खर्च द्यावा असा आदेश आयुक्त करू शकतात. तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे आणि रक्कम वकिलाच्या सगळ्या फीला पुरत नाही. पण मागितल्याशिवाय तोही मिळत नाही. मालकाने नोकरीच नाकारली, त्यामुळे केस लांबली, हे कारण तुमच्याकडे आहे.

आता तुमची खरी भीती. साहेब रागावले आणि केस सोडली तर?

तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे जाऊन साध्या कागदावर अर्ज करायचा. फुकट वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो असं सगळे सांगतात. बाईला लागत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्री असणं एवढंच पुरे आहे, मग ती कोणीही असो. त्याच कलमात औद्योगिक कामगारही आहेत, म्हणजे तुम्ही दोन दारांनी आत जाता. असा नेमलेला वकील तुमच्याकडून फी घेऊ शकत नाही, त्याला प्राधिकरण देतं. जायच्या आधी विचारायचं असेल तर 15100 हा फोन नंबर देशभर चालतो, लेकीला लावायला सांगा. आणि जुन्या वकिलांनी ‘फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही’ म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच ठरवलंय की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीचं भांडण वेगळं, कागद वेगळे.

इतर वाचकांपैकी ज्यांनी अजून दावाच लावलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की 1923 च्या कायद्यात अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याने मागणी केली तर अर्ज आयुक्तांच्या देखरेखीखाली लिहून घेण्याची सोय कायद्यातच आहे. संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो. ईएसआयचं कार्ड असेल तर रस्ता वेगळा. तिथे मालकावर भरपाईचा दावा चालत नाही, महामंडळाकडून मासिक रक्कम मिळते आणि तंटा कर्मचारी विमा न्यायालयात जातो. त्या रकमेलाही वाटेकरी लावता येत नाही.

ताई, निकाल तुमच्या बाजूने लागला तर मालक ‘हायकोर्टात जातो’ म्हणेल. जाऊ द्या. अपील करायचं तर ठरलेली रक्कम त्याला आधी आयुक्तांकडे भरावी लागते, आणि मोठा कायद्याचा प्रश्न असल्याशिवाय ते अपील उभं राहत नाही. शिवाय ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईच्या खेपांचा जो धाक दाखवायचे तो आता राहिला नाही.

वकीलसाहेबांकडे जाताना लेकीला बरोबर न्या. रोजनाम्याची नक्कल, हा हिशेब आणि वही पिशवीत असू द्या. आधी त्यांच्या कष्टाबद्दल आभार माना, मग आकड्याचं बोला. बहुतेक वकील आकड्यावर येतात. त्यांनाही नियम पाठ असतो, कोणी विचारत नाही म्हणून तो बाजूला पडतो. नाहीच आले, तर त्याच दिवशी तिथूनच विधी सेवेच्या कार्यालयात जा. पुढची तारीख कोणती आहे ते मला कळवा, आणि त्या दिवशी काय झालं तेही.